पान एकतीस आणि सरांच्या भुवया

"आता मी बोलत नाई," असं म्हणून आमच्या कॉलेजातले गणिताचे सर ओठांवर बोट ठेवायचे आणि पुस्तक टेबलावरून समोरच्याकडे सरकवायचे. "आता ते बोलंन."

हे पुस्तक त्यांनी स्वतः लिहिलेलं. कॅल्क्युलसचं, हातानं, मराठीत. झेरॉक्स काढून स्पायरल मारलेलं, एकशे बेचाळीस पानांचं. बेला, भीमपूर या सीमेवरच्या गावांकडची पोरं दहावीपर्यंत मराठीत शिकून आमच्या कॉलेजात इंटरला, म्हणजे अकरावी-बारावीला, येतात आणि इथली पुस्तकं इंग्रजी नाहीतर तेलुगू. सर वर्गात मराठीत समजावायचे म्हणून गाडं चालायचं. पण मार्चमध्ये सर निवृत्त होणार होते. नव्या सरांना मराठी येईलच असं नव्हतं. पुस्तक एकट्यानं शिकवू शकतं की नाही, एवढं त्यांना त्याआधी कळायला हवं होतं.

त्यासाठी त्यांनी मला धरलं. मी ऑफिसात कारकून. घरी चपात्याही मोजून करते, हे सगळ्या कॉलेजला ठाऊक. "ताई, तुमी खोटं मोजत नाई," ते म्हणाले. नियम सोपा होता. बावीस पोरं, प्रत्येकाजवळ एक प्रत आणि एक पेन्सिल. वाचताना जिथं अडलं, तिथं समासात एक ठिपका. ठिपके मी मोजायचे.

पहिल्या दिवशी लिमिटचा धडा होता. बावीस प्रतींत मिळून ठिपके निघाले चार. सरांनी सगळ्यांना मिरची भजी खाऊ घातली आणि ऑफिसच्या दारात उभं राहून मला तीनदा विचारलं, "चारच ना?"

चारच होते. पण मला ते पचेना. मी एक प्रत घरी नेली आणि कुकरच्या तीन शिट्ट्यांत एकतिसाव्या पानावर एकटीनं सहा ठिपके दिले. माझं गणित दहावीपर्यंतचं आहे हे मान्य, पण बावीस पोरांना जे चार जागी अडलं, ते मला एकाच पानावर सहा जागी अडावं?

दुसऱ्या दिवशी तोच धडा पुन्हा वाचायला दिला आणि मी फळ्याकडे पाठ करून पोरांसमोर बसले. पोरं पुस्तकात फार वेळ पाहतच नव्हती. दोन ओळी वाचायची आणि मान वर करून माझ्या डोक्यावरून पाहायची. मी वळले. सर फळ्याजवळ उभे, ओठांवर बोट, तोंड अगदी बंद. आणि भुवयांची नुसती धावपळ चाललेली.

पोरानं वहीत चूक केली की दोन्ही जवळ यायच्या. बरोबर आलं की डावी उडायची. लिमिट आली की दोन्ही सावकाश वर चढायच्या, आणखी थोड्या, आणखी थोड्या. आणि तुम्ही सरांना पाहिलं असतं तर कळलं असतं, त्या भुवयांना पोचायला जागाच नव्हती. सरांचं कपाळ सरळ मानेपर्यंत जायचं.

मी सरांना बाहेर काढलं. ते व्हरांड्यात येरझाऱ्या घालू लागले आणि दर फेरीला खिडकीत त्यांच्या भुवया उगवू लागल्या. मग मी त्यांना पाण्याच्या टाकीजवळ, भिंतीकडे तोंड करून उभं केलं. एका पोरीला इतकं हसू आलं, की तिला बाहेर पाठवावं लागलं. तर सर तिलाच विचारायला लागले, पान तीसपर्यंत आली का. मी पोरीला आत घेतलं, सरांना पुन्हा भिंतीकडे वळवलं आणि पहिल्यापासून सुरुवात केली.

ठिपके निघाले एकसष्ट. त्यातले सतरा एकट्या पान एकतीसवर.

सरांनी आकडा ऐकला. "नक्की?"

"दोनदा मोजलेत."

"म्हंजे मीच शिकवून राह्यलो. ते नाई." ते माझ्यासमोरच्या खुर्चीत बसले. पुस्तकावर हात ठेवला आणि बराच वेळ काढला नाही. त्यांची आठ वर्षं त्यात होती. खोटं सांगायला मला जमलं नाही, आणि उठून जायलाही. मग त्यांनी हळूच विचारलं, "पण मी तं तोंड उघडलं नाई. पोट्ट्यांना समजलं कसं?"

भुवयांचं मी त्यांना सांगितलं. त्यांना खरंच ठाऊक नव्हतं. ते उठून बेसिनवरच्या आरशापाशी गेले, स्वतःशीच लिमिट समजावू लागले, आणि जे हसत सुटले ते शिपाई पाणी घेऊन आला तरी थांबेनात.

आठवडाभरानं नवं पान एकतीस आलं. वर एका टकल्या माणसाचं चित्र, खाली त्यांचं टपोरं अक्षर: "या माणसाच्या भुवया वर चालल्या आहेत, केसांकडे. केस तिथं नाहीत. तरी त्या कुठं निघाल्या आहेत हे तुम्हाला कळतं ना? त्यालाच लिमिट म्हणतात." त्याखाली जुनंच गणित, एक आकडाही न बदलता.

तिसऱ्या वेळी सर पोरांच्या आधी स्वतःच बस स्टँडवर जाऊन बसले. पान एकतीसवर दोन ठिपके निघाले. त्यातला एक माशीचा आहे, असं त्यांचं म्हणणं होतं. मी तो मोजण्यात धरला. निवृत्तीच्या भाषणातही त्यांनी माशीचा विषय काढला.

दोन वर्षांनी सर गेले. पुस्तकाच्या प्रती लायब्ररीत आहेत. कपाटाच्या दारावर दोऱ्यानं पेन्सिल बांधलेली आहे. नवे सर तेलुगूत शिकवतात, चांगलं शिकवतात, आणि मराठी पोरांना कपाटाकडे पाठवतात.

परवा भीमपूरची एक मुलगी वाचत बसली होती. तिनं सरांना कधी पाहिलेलं नाही. पान एकतीस आलं. पेन्सिल समासाजवळ थांबली. मग ती तोंडावर हात ठेवून खुदकन हसली, गणित उतरवून घेतलं, सोडवलं आणि पान उलटलं. ठिपका नाही.

तिनं मान वर केलीच नाही. खिडकीकडे पाहिलं ते मी.