फणसाच्या पिंपातली लाल बिअर

रत्नागिरीला निघालो तो जिभेचा रुबाब घेऊनच. कुठलीही बिअर मी एका घोटात ओळखतो, अशी कीर्ती पुण्यात मीच पसरवली होती. मांडवीच्या सुधाकरने ती खरी मानली. आम्ही दोघे एका वर्गातले. पुढे तो खलाशी झाला. बेल्जियमच्या एका बंदरात प्यालेली लाल बिअर तो निवृत्त झाल्यावरही विसरला नव्हता. दीड वर्षापूर्वी त्याने ती घरीच घातली. ती मुरेपर्यंत आजारपणात त्याच्या जिभेची चव गेली, म्हणून हे बोलावणं.

एसटीतून उतरलो तेव्हाच अंगातून घामाच्या धारा लागल्या होत्या. सुधाकर आधी मिरकरवाड्याच्या मासळी बंदरावर घेऊन गेला. तिथे बर्फाचं पाणी माझ्या नव्या बुटांत शिरलं, आणि मी दिवसभर त्याचीच कुरकुर केली. बांगडे घेऊन त्याने मला एक म्हातारा सुतार दाखवला. होड्या बांधणाऱ्या त्या हातांनी त्याला फणसाच्या लाकडाचं पिंप करून दिलं होतं.

घरी नंदावहिनींच्या हातचे बांगडे जेवून आम्ही पडवीत बसलो. दुपार नुसती भाजत होती. पिंपातून ग्लासात उतरलेली बिअर लालभडक दिसत होती.

"नीट सांग हां," सुधाकर म्हणाला. "तू पास केलीस तर बिअर विकायच्या परवान्याला अर्ज करतो. नायतर हा नाद सोडला."

मी घोट घेतला. दात आंबले. बिअर म्हणजे कडू, एवढंच माझं ज्ञान. ही तर आंबट होती, वर मागून लाकडाची चव.

"नासली रे," मी म्हणालो.

वहिनींनी ग्लास नाकाशी नेला. वर्षाचं आगळ (रातांब्याचा मिठातला रस) त्या अशाच वासावर पारखतात. "भावोजी, नासलेल्याचा वास मारतो. ह्याचा नाय मारत."

"वहिनी, ही बिअर आहे, सोलकढी नव्हे," मी हसून म्हणालो. त्यांनी ग्लास माझ्या हातात परत दिला. ते हसू आठवलं की आजही मला माझी लाज वाटते.

"आणखी एक घोट घे मेल्या," सुधाकर म्हणाला. त्याचा आवाज बारीक झाला होता. मी ग्लास खाली ठेवला.

त्याने वाद घातला नाही. पिंप लोटत माडाच्या आळ्यापर्यंत नेलं आणि आडवं केलं. फेस तांबड्या मातीत जिरेपर्यंत तो तिथेच उभा राहिला.

पुण्याला परतल्यावर तीन आठवड्यांनी भाच्याने एका महागड्या ठिकाणी नेलं. तिथे बेल्जियन लाल बिअर होती. ऐटीत मागवली. पहिल्याच घोटाला दात आंबले. तोच आंबटपणा, मागून तेच लाकूड. ती असायचीच आंबट. मी ग्लास हातात घेऊन बाहेर आलो आणि सुधाकरला फोन लावून सगळं सांगितलं.

तो म्हणाला, "कशी लागते, सांग."

"आधी रातांब्यासारखी. मग थोडी गोड. शेवटी लाकडाची चव राहते."

"हां. तीच ती."

"पुन्हा घाल ना रे. मी येतो."

"पिंप फोडलं. काल शेवटची फळी बंबात घातली," तो म्हणाला. "तू पी. गरम होईल ती."