बायकोवाला पाद्री

आमच्या घरात बी.ए. झालेली मी पहिली. वाडी मराठी, पण कर्नाटकातली; त्यामुळं वाडीतले सगळे अर्ज मीच कानडीत लिहायची. बस येत नाही, लाइट नाही, गव्यानं भात खाल्लं, काहीही असो.

त्या वर्षी कुंभारवाड्याच्या बाजूला आलं लावायला केरळवाली चार घरं आली आणि त्यांच्यामागून त्यांचा पाद्री आला. काळा झगा, छातीपर्यंत दाढी, सोबत बायको आणि दोन मुली. गोव्याकडचे पाद्री आम्हाला माहीत होते, पण बायकोवाला कुणी बघितला नव्हता. त्यामुळं हा खोटा, असं वाडीनं ठरवून टाकलं. त्यांच्या भाड्याच्या घरात रविवारी प्रार्थना व्हायची. ती बंद पडावी म्हणून कौलांवर दगड पडले, मग दुकानदारानं तांदूळ द्यायचा बंद केला. तरी प्रार्थना चालूच, दार लावून. शेवटी माझे काका घरमालकाला आणि चारपाच जणांना घेऊन आमच्या अंगणात आले.

"पोलिसांत अर्ज द्यायचा हाय," काका म्हणाले. "फसवून धर्म बदलतोय म्हणून लिही. कानडीत, चांगलं झणझणीत."

"कुणाचा बदलला? नाव घालावं लागतंय."

एकजण घरमालकाला म्हणाला, "तुझंच घाल की."

"माझं? परवाच देवाला कोंबडं दिलंय मी!"

"मग त्याला बायको हाय ते लिही," काका म्हणाले. "पाद्र्याला बायको असती व्हय?"

"त्यांच्यात असते. ऑर्थोडॉक्स म्हणतात त्यांना. लग्न आधी, पाद्री मग." आदल्या दिवशी विहिरीवर मी त्या बाईलाच विचारलं होतं.

"म्हंजे बायकोची बोलणी खाऊन वर देवाचं काम?" घरमालक हळहळला. "बिचारा."

काका सोडून सगळे हसले. मी कागद पुढं ओढला. "लिहिते. दगड कुणी मारले तेही लिहिते. खाली सगळ्यांनी सह्या करा."

पेन कुणी घेतलं नाही.

"शिकून लई शाणी झालीस," काका उठले.

"व्हय, झाले."

संध्याकाळी मी पाद्र्यांकडं जाऊन झालेलं सांगितलं. त्यांची गाव सोडायची बांधाबांध निम्मी झाली होती. मोडक्या कानडीत त्यांनी एवढंच विचारलं, "म्हणजे रविवारी प्रार्थना घेऊ?"

"घ्या की. दार उघडं ठेवून घ्या."

त्यांनी घेतली, चांगली अडीच तास. मी रस्त्यावर उभी राहून ऐकली. शब्द एक कळला नाही, पण बरं वाटलं. काका महिनाभर माझ्याशी बोलले नाहीत. न्हाई तर न्हाई.