हमीदची डावी मूठ

हे मी आजवर कुणाजवळ बोललेले नाही. आईजवळ नाही, वसतिगृहातल्या सोबतिणीजवळ नाही. ज्याच्याजवळ सर्वांत आधी बोलायला हवे होते त्याच्याजवळ तर नाहीच. तुमच्याजवळ का बोलते आहे, ते मला नीट सांगता येणार नाही. प्रत्येक गोष्टीचे कारण शोधण्याची मला सवय आहे — शिक्षणच तसे झाले आहे. या गोष्टीचे कारण मात्र मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होते. म्हणूनच मी गप्प राहिले.

आधी हमीदविषयी सांगते. त्याच्याविषयी सांगणे मला आवडते, हेही कबूल करते.

चांदा जिल्ह्यात माजरीला कोळशाच्या खाणीच्या वसाहतीत आमची घरे एकाच लाइनीत, एकमेकांना लागून होती. माझे वडील खाणीच्या कोठारावर कारकून, त्याचे वडील खाणीचे लोहार. तो माझ्याहून लहान, म्हणून मला ‘बाई’ म्हणायचा — आमच्याकडे थोरल्या बहिणीला म्हणतात तसे. उन्हाळ्यात जंगलातून चारं, टेंभरं अशी रानफळे आणायचा आणि आमच्या ओट्यावर निम्मी ठेवून जायचा. मी नागपूरला विज्ञान शिकायला जाणार म्हटल्यावर वसाहतीतल्या बायकांनी नाके मुरडली, वडीलही डगमगले. तेव्हा या मुलाने — मिसरूडही नीट फुटले नव्हते — वडिलांसमोर उभे राहून सांगितले, “जाऊ द्या बाईले, काका. तिच्याएवढं डोकं या लाइनीत कोनालेच नाई.” पुढे मी जे काही केले, ते या मुलाशी केले, हे लक्षात असू द्या.

तो खाणीच्या फुटबॉल संघाचा राइट आउट होता — मैदानाच्या उजव्या कडेने चेंडू घेऊन पळणारा. त्या खेळामुळेच त्याला बत्तीघरात नोकरी मिळाली होती. खाली उतरणाऱ्यांना दिवे द्यायचे, वर आलेल्यांचे पुसून ठेवायचे, आणि दुपार कलली की मैदान. चेंडू त्याची भाकरी होता. आणि काय खेळायचा! समोरच्या बचाववाल्याजवळ आला की क्षणभर थबकायचा, खांदा झुकवायचा, आणि तो बिचारा भलतीकडे झेपावला की हा दुसरीकडून निसटायचा. वसाहतीतली माणसे हसून हसून बेजार व्हायची. मीही.

पण मी नुसती हसत नव्हते. मी निरीक्षण करत होते. खांदा फसवा होता, नजर फसवी होती. फक्त डावा हात खरे बोलायचा. बाहेरच्या कडेने निसटायचे असले की त्याची डावी मूठ घट्ट मिटे. आत वळायचे असले की बोटे सैल सुटत. हे त्याला स्वतःला माहीत नव्हते. साऱ्या माजरीत हे फक्त मी पाहिले होते, आणि त्याचा मला केवढा अभिमान होता! अभिमानच म्हणायचे ना त्याला?

त्या वर्षी नागपूरच्या स्पर्धेसाठी खाणीच्या मॅनेजरसाहेबांनी संघाला पहिल्यांदाच बूट घेऊन दिले. तोवर सगळे अनवाणीच खेळत, फार तर घोट्याला पट्टी. हमीदने बुटांना एरंडेल चोळले, मऊ केले, रुळांच्या कडेने रोज ते घालून पळाला. पहिल्या सामन्यात त्याच बुटांनी त्याने गोल केला. पुढचा सामना माझ्या कॉलेजच्या संघाशी होता. मुंबईच्या एका गिरणीच्या संघाचा माणूस मुद्दाम तो पाहायला येणार होता. पसंत पडले तर गिरणीत नोकरी, संघात जागा. हे हमीदनेच मला सांगितले होते, वसतिगृहाच्या फाटकाशी उभे राहून, आवाज शक्य तितका खाली ठेवून — कारण आनंद त्याच्याने लपवला जात नव्हता.

म्हणजे पणाला काय लागले होते, ते मला पूर्ण माहीत होते. अज्ञानाची सवलत मला नाही.

सामन्याच्या आदल्या दिवशी प्रयोगशाळेत चहा चालला होता. वर्गात आम्ही दोघीच मुली. दुसरी त्या दिवशी आली नव्हती. एम.एस्सी.चा एक विद्यार्थी तिथे होता — आमच्या संघाचा लेफ्ट बॅक, म्हणजे उद्या हमीदच्या समोर तोच. हुशार, सुस्वभावी, आणि मुलीचे वाक्य पुरे होऊ न देणारा. तो मला म्हणाला, “तुमच्या चांद्याकडे वाघ खेळतात की माणसं?” सगळे हसले. मी म्हणाले, आमचा राइट आउट तुम्हांला सापडणार नाही. ते आणखी हसले. फुटबॉलमधले बाईमाणसाला काय कळणार, असे कुणीतरी म्हणाले.

मग — मी खडू उचलला.

फळ्यावर मी मैदानाची कड काढली. खांदा, नजर, थबकणे, एकेक बाजूला सारून दाखवले. शेवटी डावी मूठ. माझे म्हणणे कुणी मध्येच तोडले नाही. त्या प्रयोगशाळेत असे पहिल्यांदाच घडत होते. लेफ्ट बॅकने पेला खाली ठेवला आणि गंभीरपणे विचारले, “दर वेळी?” मी म्हणाले, दर वेळी. आणि मला आनंद झाला. तो आनंद मी इथे लपवणार नाही.

दुसऱ्या दिवशी हमीद एकदाही निसटू शकला नाही. तो जिकडे जाई तिकडे लेफ्ट बॅक आधीच उभा. हळूहळू त्याचे थबकणे वाढले, मग घाई वाढली, मग तो चेंडू आल्याबरोबर दुसऱ्याला देऊन टाकू लागला. मुंबईचा माणूस अर्ध्यातच उठून गेला.

गुन्हा तेवढाच असता तर? उथळपणा म्हणून मी त्याला कुठेतरी पुरून टाकले असते. पण संध्याकाळी मी संघाला निरोप द्यायला स्टेशनवर गेले. बाकीचे फलाटावर डबे सोडून जेवत होते. हमीद वळकटीवर बसला होता, बूट मांडीवर.

“इंदूबाई,” तो म्हणाला, “तू सायन्सवाली. सांग मले. बुटानं झालं काय हे? पन परवा तं जमलं होतं ना बुटात?”

पाहा, त्याने पुरावासुद्धा माझ्या हातात ठेवला होता. परवा याच बुटांनी गोल झाला होता. म्हणजे कारण बूट नव्हेत. कुठल्याही विद्यार्थ्याने एवढे सांगितले असते. मी काय सांगितले? पायाच्या टोकाशी वजन वाढले की पाय वळवायला जास्त जोर आणि जास्त वेळ लागतो. परवा समोरचा खेळाडू मंद होता म्हणून ते जाणवले नाही. मी हाताने झोका काढून दाखवला. त्यातला एकही नियम चुकीचा नव्हता. उत्तर तेवढे खोटे होते.

त्याचा चेहरा उजळला. मोठे ओझे उतरल्यासारखा तो हसला. मीही हसले. गाडी आली, ते गेले.

त्याने बूट मॅनेजरसाहेबांना परत केले. पाठोपाठ साऱ्या संघाने केले, कारण हमीद सर्वांना समजावून सांगत होता — हात झोक्यासारखा हलवून, अगदी माझ्यासारखा. बाईनं सांगतलं, सायन्स हाय. गोलकीपरनेही बूट काढले. त्याला पाय वळवायचा कुठे प्रश्न होता? सुट्टीत मी घरी गेले की मला हे कौतुकाने ऐकवले जाई. विरोधी संघाच्या टाचेखाली हमीदच्या अंगठ्याचे नख गेले होते. तेही त्याने कौतुकानेच दाखवले.

पुढच्या वर्षी, मी सुट्टीत घरी असताना, तोच मुंबईचा माणूस माजरीला आला. बल्लारपूरच्या संघाशी सामना होता. हमीद अनवाणी असा खेळला, की तो माणूस सामना संपायच्या आत मॅनेजरसाहेबांकडे गेला. हमीदला न्यायला तो तयार होता. अट एकच: बूट. मुंबईत पावसाच्या चिखलात सामने होतात, अनवाणी पाय ठरत नाही, आणि संघात आता सगळेच बूट घालतात. हमीदने हात जोडून नाही म्हटले. बुटात मी मी राहत नाही, म्हणाला. तो माणूस चिडला नाही. संध्याकाळच्या गाडीपर्यंत वाट पाहतो, म्हणाला.

हमीदची आई धावत आमच्याकडे आली. हात पिठाचे, डोक्यावरचा पदर घसरलेला. “बेटी, तूच समजाव त्याले. कोनाचं ऐकून नाई राह्यला. तुझं ऐकते थो.”

मी तिच्याबरोबर गेले. हमीद दारात बसला होता. त्याने माझ्याकडे पाहिले — आई काय सांगते आहे त्याकडे नाही, माझ्याकडे. एक वाक्य पुरले असते. बुटांचा दोष नव्हता, तुझी मूठ मीच त्यांना सांगितली. ते वाक्य माझ्या जिभेवर आले होते. त्यानंतर तो माझ्याकडे कसा पाहील, ते मला दिसले. मी म्हणाले, “त्याच्या पायाचं त्यालाच कळतं, चाची. त्याला ठरवू द्या.”

चाची पदराने हात पुसत आत गेली.

संध्याकाळच्या गाडीने बल्लारपूरचा एक मुलगा मुंबईला गेला. बरा खेळाडू होता.

हमीद अजून बत्तीघरात आहे. अजून खेळतो, अजून माणसे हसून बेजार होतात. पुढच्या महिन्यात मी संशोधनासाठी मुंबईला निघाले आहे. हे कळल्यावर तो आमच्या ओट्यावर येऊन बसला. सगळ्या लाइनीत त्याने आधीच सांगून टाकले होते. बराच वेळ इकडचे तिकडचे बोलला, मग उठता उठता म्हणाला, “बाई, तिथी मोठ्या मॅची होतात म्हने. जमलं तं जाजो एखाद खेपी. तिथले राइट आउट कसे निसटतात, थे पाहजो अन् मले येऊन सांगजो. तुझी नजर लय बारीक हाय.”

मी पाहीन म्हणाले.