यादीत नसलेली सवत

अपोन्दी सवत म्हणून घरात आली त्या दिवशी ओग्वेनोच्या पहिल्या बायकोने तिच्यावर उकळती पेज फेकली. नेम चुकला, पेज कोंबडीवर पडली. पुढे एकवीस वर्षं दोघी एकाच अंगणात राहिल्या आणि कोंबड्यांमार्फत बोलल्या. "सांग गं तिला, पाणी संपलंय," असं थोरली कोंबडीला सांगायची. पाणी यायचं.

मग ओग्वेनो मेला. आयुष्यात त्याने केलेलं हे एकच काम, ज्याबद्दल दोघींची तक्रार नव्हती. पाठोपाठ थोरलीला अर्धांगाचा झटका आला. तिचं नाव पेनिना. पण पहिल्या बायकोला मानाने मिकायी म्हणतात, म्हणून सगळे तिला मिकायीच म्हणत. तिचे दोन मुलगे नैरोबीहून फोनवर मोठमोठ्याने रडले. राहिली अपोन्दी.

चार वर्षं ती मिकायीला उचलते, धुते, कूस बदलते. चार वर्षांत ती सरोवराकाठच्या बाजारात गेलेली नाही. तिथे ती ओमेना नावाच्या बारीक माशांची सुकट विकायची, शिव्या द्यायची, पोट धरून हसायची. म्हणून रेडिओवर ऐकलं तेव्हा तिने हातातलं फडकं खाली ठेवलं. घरच्या आजाऱ्याचं करणाऱ्यांसाठी कायदा येतोय. आठवड्यातून दोन दिवस सरकारची शिकलेली बाई घरी येईल. खासदारांची समिती शाळेत लोकांचं म्हणणं ऐकणार होती. अपोन्दीला ते दोन दिवस हवे होते.

मिकायीला एकटं ठेवणार कसं? विटा वाहायच्या एकचाकी गाडीत घोंगडी घातली, वर मिकायीला घातलं आणि निघाली.

शाळेच्या दाराशी कारकून फॉर्म भरत होता.

"आजारी बाई तुमची कोण?"

"सवत."

त्याने फॉर्मवरच्या नात्यांच्या यादीवरून बोट फिरवलं. आई, बाप, नवरा, बायको, मूल, भावंडं. "मावशी, सवत नाहीये यात. बहीण लिहू? कोण बघतंय?"

"लिही." दोन दिवसांसाठी तिने शेळी असंसुद्धा लिहू दिलं असतं.

"बहीण?" गाडीतून मिकायी ओरडली. झटक्याने तोंड वाकडं केलं होतं, आवाज नाही. "इतकी कुरूप बहीण आमच्या घरात नव्हती! सवत आहे. नवरा चोरला माझा!"

सगळी शाळा वळली. समितीच्या अध्यक्षबाईंनी चष्मा काढला. "आजी, मग तुम्हाला आंघोळ कोण घालतं?"

"हीच. चोरीची शिक्षा भोगतेय."

सगळे हसले, अध्यक्षबाईही. मग कागद चाळून म्हणाल्या, "बाई, सवत नातेवाइकांत बसत नाही. नवरा गेल्यावर कायद्याने तुम्ही एकमेकींच्या कोणीच नाही."

अपोन्दी पुढे गेली. रडावं असं वाटत होतं, पण आला तो राग. "मॅडम, आमच्या रीतीप्रमाणे मिकायीच्या हातून पहिला दाणा पडल्याशिवाय मला माझ्या शेताच्या तुकड्यात पेरता येत नाही. हिचा हात गेला. दर पेरणीला मी हिला पाठीवर घेऊन शेतात नेते, हिच्या मुठीत दाणा ठेवते, मूठ उलटी करते. वर ही म्हणते, वाकडा टाकलास. ही माझी कोणी नाही, तर एवढी वर्षं मी कुणासाठी पेरणी अडवून बसते?"

मागून एका बाईने हात वर केला. "माझीपण सवत आहे घरी. आंधळी." मग दुसरीने. नऊ हात झाले. एक खासदार टेबलाखाली काहीतरी शोधू लागले. त्यांच्या घरी तिघी बायका आहेत हे सगळ्यांना माहीत होतं.

अध्यक्षबाईंनी यादीच्या समासात पेनाने लिहिलं आणि मोठ्याने वाचलं: "सवत." मग म्हणाल्या, "मी सुचवीन. पण मतदान नैरोबीत होतं. मंजूर होईलच असं सांगत नाही."

"आणि त्या दोन दिवसांत मला कोण धुणार?" मिकायीने विचारलं. या वेळी ओरडून नाही.

"शिकलेली बाई येईल, आजी."

"तिला काय ठाऊक? डाव्या कुशीला हात लावला की जीव जातो माझा. हिला ठाऊक आहे."

अपोन्दीने तिच्याकडे पाहिलं. म्हातारी घाबरली होती. झटका आला त्या दिवशीसुद्धा ती अशी दिसली नव्हती.

"मी शिकवीन तिला," अपोन्दी म्हणाली. "कुठे हात लावायचा नाही ते. आणि तू शिवी दिलीस की कोणती परत द्यायची, तेही."

मिकायी विचारात पडली.

"सगळ्या नको शिकवूस," ती म्हणाली. "दोन-चार आपल्यात राहू देत."