राखणदाराच्या पायाशी अर्थिंग

माझ्या हाताला बट्टा लागला तो बर्फामुळे. मी पॅनल बनवते, म्हणजे कारखान्यातल्या मोटारी चालू-बंद करणाऱ्या रिलेंची कपाटं वायरिंग करून देते. मालवणात खाडीकाठच्या एका बर्फाच्या फॅक्टरीतलं माझं पॅनल दसऱ्यानंतरच्या विजांनी दोनदा जळलं. झालं! बंदरभर एकच बोलणं: "त्या बायच्या हातान काय टिकणा नाय." आमच्याकडे हाताला असं नाव पडलं की कामं बंद. त्यात फॅक्टरीच्या शेटांनी दम दिला, "गो बाय, आणखी एकदा जळला तर मी कोल्हापूरचो माणूस बोलवतलंय."

"जळलं ते तुमच्या अर्थिंगमुळे!" मी फाडकन म्हटलं. अर्थिंग म्हणजे विजेला जमिनीत उतरायची वाट, आणि शेटांची वाट म्हणजे जांभ्यात ठोकलेला एक गंजका पाइप. कातळ ठणठणीत कोरडा. विजेच्या वाटेतला अडथळा मीटरवर साठच्या वर ओहम. मला हवे होते पाचाच्या आत. विजेचा झटका झेलणारा सर्ज अरेस्टर मी बसवला असता, पण त्यानं झेललेलं टाकायचं कुठे? माझ्या डोक्यावर?

ओल्या मातीची जागा एकच, विहिरीमागे. आणि नेमका तिथेच राखणदाराचा धोंडा. जागेचा रक्षक तो. त्याला विचारल्याशिवाय तिथे कोणी कुदळ मारत नाही. "गाऱ्हाणा घालूक व्हया," शेट म्हणाले, म्हणजे आधी देवाला साकडं. मी कपाळावर हात मारला.

गावचे मानकरी आले, त्यांनी धोंड्यापुढे नारळ ठेवला आणि खणखणीत आवाजात सुरुवात केली. "बा देवा म्हाराजा! ही बाय तुझ्या शेजाराक खड्डो मारता हा, तो गोड मानून घे!"

"व्हय म्हाराजा!" सगळे कामगार गरजले. मी तोंड शिवून उभी.

"वरसून जी काय ईज येतली, ती मशिनीत न जाता तुझ्या पायाखाली जावंदे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

शेटांनी मला कोपर मारलं. "तो आकडो किती तुझो?"

"पाचाच्या आत," मी दात-ओठ खात म्हटलं.

"तो ओहम काय तो पाचाच्या आत रवांदे म्हाराजा!"

"व्हय म्हा..."

"थांबा!" शेटांची म्हातारी आई पुढे आली. "इजेक त्याच्या पायात सोडतास? पाय भाजतले मा रे त्याचे!"

मी म्हटलं, "आजी, जमीन सगळं गिळते."

"तुका काय म्हायत? तू गेल्लंस खाली बघूक?"

याचं उत्तर डिप्लोमात शिकवलं नव्हतं. शेवटी मानकऱ्यांनी आणखी एक नारळ मागवला आणि प्रकरण मिटवलं.

मी मेन स्विच पाडला, त्याला कुलूप घातलं आणि किल्ली पर्समध्ये टाकली, कारण "वाईच चालू करून बघतंय" म्हणणारे आमच्यात फार. खड्ड्यात नवा पाइप, भोवती मीठ नि कोळसा. बर्फ गोठवायला मीठ लागतंच, त्यामुळे पोती तिथेच पडलेली. मग अरेस्टर बसवला आणि त्याची तार आखूड आणि सरळ नेऊन पाइपाला जोडली. आकडा चारावर आला. निघताना शेटांना दहादा बजावलं, "उन्हाळ्यात पाइपात रोज पाणी ओता. खड्डा सुकला की पुन्हा तेच रडगाणं."

"ओततंय गो," शेट म्हणाले. शेटांचं 'ओततंय' मला चांगलं ठाऊक होतं.

मे महिन्यात मी धामापूरला एका पंपाचं काम करत होते. दुपारी आभाळ काळं झालं, लांब गडगडायला लागलं. मी शेटांना फोन लावला, "पाणी ओतताय ना?"

"पाणी? खंयचा पाणी?"

गेलं माझं नाव! स्कूटर काढली आणि वाटभर शेटांच्या सात पिढ्यांचा उद्धार करत फॅक्टरी गाठली. धावत विहिरीमागे गेले तर माती चपलेला चिकटेल इतकी ओली, आणि पाइपाच्या तोंडाशी ताजी जास्वंद. विजा जवळ आल्या होत्या म्हणून तिथे थांबले नाही. आत जाऊन सगळ्यांना पॅनलपासून लांब केलं.

कडाड्! दिवे थरथरले. अरेस्टरवरची हिरवी खूण लाल झाली.

"जळला!" शेट किंचाळले.

"अरेस्टर जळला! तो जळायलाच बसवलाय!" मीही किंचाळले. "रिले बघा, रिले!" कॉम्प्रेसर आपला घुमतच होता.

आभाळ निवळल्यावर म्हातारी भरलेली कळशी घेऊन आली. पाइपात पाणी ओतत मला म्हणाली, "रोज ओततंय गो. आमी त्याच्या पायात ईज सोडतलो, मगे पाय थंड कोणी करूचे?"

मला हसू आवरेना आणि डोळेही भरून आले. म्हातारीनं कळशी खाली ठेवली, धोंड्यापुढे हात जोडले. "बा देवा म्हाराजा, ह्या चेडवाच्या हाताक यश दी!"

कामगारांनी तोंड उघडायच्या आत मीच ओरडले, "व्हय म्हाराजा!"