नुसतं बघायलोय की

सुमनअक्का गेल्याची बातमी मला कोपऱ्यावरच्या फुलवालीने दिली. जे. पी. नगरात आम्ही दोघी एकाच गल्लीत राहणाऱ्या, इतक्या वर्षांची मैत्री, आणि मी आपली सकाळी मोगऱ्याचा भाव विचारत उभी! "अम्मा, तुम्हाला ठाऊक नाही?" म्हणत तिने डोळ्यांना पदर लावला. अक्का झोपेतच गेली होती आणि पहाटे तिचा मुलगा हार सांगून गेला होता. धावपळीत मला कळवायचं राहिलं, त्याचा दोष नाही. पण खरं सांगते, रडू यायच्या आधी मला त्या फुलवालीचा हेवा वाटला... तिला माझ्या आधी कळलं होतं.

हा हेवा तसा जुनाच. आमचं घराणं कित्येक पिढ्या बंगळुरात, घरातली मराठी निम्मी कन्नड. सुमनअक्का निपाणीची, बँकेच्या बदलीवर आली आणि इथलीच झाली. निवृत्तीनंतर तिने शहरभर भटकायला सुरुवात केली आणि सोबतीला मला धरलं. बागा, तळी, देवळं तिला नकोच असायची. यशवंतपूरच्या बाजारात कांद्याच्या पोत्यांपाशी, बसच्या शेवटच्या थांब्यावर, शिंप्यांच्या बोळात ती जाऊन उभी राहायची. नियम एकच, तिथल्या माणसाने आपणहून विचारल्याशिवाय हलायचं नाही. मग कोणीतरी विचारायचंच, "येन बेकु, अम्मा?" काय हवंय? त्यावर ही निपाणीकडच्या बायका बोलतात तसं म्हणायची, "काही नको रे, नुसतं बघायलोय की," आणि मग तेच आपल्या खडबडीत कन्नडात. माणूस हसायचा. थोड्या वेळाने स्टूल यायचं, चहा यायचा, घरच्या सुखदुःखाच्या गोष्टी निघायच्या. मी शेजारीच उभी. अस्सल बंगळुरी कन्नड माझ्या तोंडी, पण मला कोणी विचारेल तर शपथ!

एकदा न राहवून मी म्हटलं, "अक्का, गाव माझं आणि माणसं बोलतात तुझ्याशी. हे काय?"

"तू उभी राहतीस कुठं गं? तुझं एक पाऊल कायम घराकडं," ती हसत म्हणाली.

मला ते इतकं लागलं की गुडघा दुखतो म्हणून मी काही दिवस गेलेच नाही. तिचं माझ्यावाचून काही अडलं नाही. परत आली की आमच्या स्वयंपाकघरात बसून, माझ्याबरोबर अवरेच्या शेंगा सोलत, कोण भेटलं, काय म्हणालं ते सगळं सांगायची. मी हूं हूं करत ऐकायचे आणि आतून जळायचे.

तेरावं झाल्यावर एका सकाळी मी एकटीच पीण्या नावाच्या औद्योगिक भागात गेले. तिथल्या छोट्या कारखान्यांच्या बोळात आम्ही पूर्वी बऱ्याचदा गेलो होतो. मला एकदा पाहायचं होतं, माझ्यासारखीला कोणी विचारतं की नाही. लेथ यंत्रांच्या आवाजात मी उभी राहिले. पाय भरून आले, घरी जावंसं वाटलं, तरी हट्टाने हलले नाही. शेवटी एका शेडमधला माणूस हात पुसत बाहेर आला. अगदी जवळ येऊन त्याने विचारलं, "अम्मा, तुमच्या जोडीच्या त्या नाही आल्या?"

आयुष्यात पहिल्यांदा या शहराने मला आपणहून काही विचारलं, आणि तेही तिच्याबद्दल! मला रागच आला. त्या गेल्या, मी एवढंच म्हणाले. त्याने आत जाऊन मशीन बंद केलं. शेजारच्या शेडमध्ये जाऊन काहीतरी सांगितलं, तिथलंही बंद झालं. मग समोरचं... भर कामाच्या वेळी तो अख्खा बोळ गप्प झाला. मी पदराने डोळे पुसत होते आणि तरी मनात हेच येत होतं, अक्का, माझ्यासाठी एवढं कोण थांबेल गं?