माझ्या हाकेला पळालेली म्हैस
शिंगं रंगवायच्या ऑइलपेंटचा वास आला की वीस-पंचवीस वर्षांमागचा पाडवा आठवतो. दिवाळीच्या पाडव्याला आमच्याकडं म्हशी सजवून पळवत्यात, मालक मोटरसायकलवर पुढं आन् म्हैस त्याच्या मागं. त्या सकाळी बायको म्हणाली, “अवो, म्हशीचं अंग तापलंय, वैरणीला तोंडबी लावलं न्हाय. यंदा ऱ्हाऊ द्या.” मी खेकसलो, “आन् तालमीतली पोरं हसतील त्याचं काय? तू गप बस की!” गाडी रेस करून हाक मारली, तशी म्हैस सुसाट आली. चौकात शिट्ट्या वाजल्या, मी छाती फुगवली. गोठ्यात येऊन ती बसली ती उठलीच न्हाय. बायकोनं सोता मरंस्तवर मला बोल लावला न्हाय. पण दुसऱ्या कुणी बोलावलं असतं, तर त्या तापात म्हैस जागची हलली नसती. माझी हाक म्हणून पळाली.